रेझिस्टर बदलला की आवाज सुधारतो का?

प्रश्न : माझ्या ट्यूब प्रीअँपमध्ये (मुख्य अँपच्या आधी सिग्नल मोठा करणारा, काचेच्या ट्यूबवर चालणारा भाग) गाणं थांबलं की सतत 'स्स्स' ऐकू येतं. मित्र म्हणतो सगळे कार्बन रेझिस्टर काढ आणि महागडे ऑडिओ ग्रेड टाक, आवाज एकदम मोकळा होईल. बदलू का सगळे?

उत्तर : सगळे नका बदलू, उगाच बोर्डाचे पॅड उखडून बसतील. आधी 'स्स्स' कुठून येतोय ते बघा. इनपुट शॉर्ट करा आणि व्हॉल्यूम शून्यावर आणा, तरी तेवढाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातला, आणि व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होत असेल तर अलीकडच्या स्टेजमधला (स्टेज म्हणजे सिग्नल मोठा करणारा एक टप्पा). बरेचदा पहिल्या स्टेजमध्येच सापडतो, कारण तिथला नॉइज पुढच्या सगळ्या स्टेज मोठा करत नेतात. आणि हो, रेझिस्टरला हात लावायच्या आधी ट्यूब बदलून बघा, अर्ध्या केसेस तिथेच मिटतात.

आता रेझिस्टर. त्याचा एक नॉइज थर्मल म्हणजे उष्णतेमुळे होणारा, १९२८ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये जॉन्सनने मोजला आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं तो. तो किती येणार हे फक्त व्हॅल्यू, तापमान आणि बँडविड्थवर (फ्रीक्वेन्सीचा किती रुंद पट्टा धरला यावर) ठरतं, म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टर साधा घ्या नाहीतर सोन्याच्या पायांचा घ्या, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ५.७ मायक्रोव्होल्ट देणारच, आणि १ किलोओहमचा ०.५७. इथे ब्रँडचं काही चालत नाही, सर्किटमध्ये व्हॅल्यू कमी करता आली तरच फरक.

दुसरा नॉइज मात्र मटेरियलवर जातो. रेझिस्टरवर डीसी व्होल्टेज असलं की तो वाढतो, कार्बन कॉम्पोझिशनमध्ये सगळ्यात जास्त, कार्बन फिल्ममध्ये कमी, मेटल फिल्म आणि वायरवाउंडमध्ये जवळपास नाहीच. तुमच्या प्रीअँपमध्ये संशय घ्यायचा तो पहिल्या ट्यूबच्या प्लेटला (जिथून मोठा झालेला सिग्नल बाहेर पडतो त्या टोकाला) असलेल्या १०० किलोओहमवर, त्याच्यावर सहज शंभराच्या वर व्होल्ट पडलेले असतात. तेवढा एक मेटल फिल्म करा. फक्त व्होल्टेज रेटिंग बघून घ्या, पाव वॉटचे बरेच रेझिस्टर २५० व्होल्टच्या आसपासच थांबतात, १ किंवा २ वॉटचा घेतला की निर्धास्त. ग्रिडवरचा (ट्यूबमध्ये सिग्नल आत जातो त्या टोकाचा) १ मेगओहम बघून घाबरू नका, त्यावर डीसी जवळपास नसतं आणि सोर्सचा (सिग्नल देणाऱ्या यंत्राचा) इम्पीडन्स म्हणजे अडथळा कमी असेल तर त्याचा नॉइज तिथेच दबतो.

काम करताना प्लग काढून फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा, बंद सेटही जोरदार झटका देतो.

प्रश्न : गिटारवाले मात्र मुद्दाम कार्बन कॉम्पोझिशन शोधतात, ते वेडे आहेत का?

उत्तर : नाही हो. या रेझिस्टरची व्हॅल्यू त्याच्यावरच्या व्होल्टेजनुसार किंचित बदलते आणि सिग्नल मोठा असला तर त्यातून थोडं डिस्टॉर्शन येतं. गिटार अँपला तेच हवं असतं. हायफायला ते दोष. आणि सिग्नल लहान असेल तिथे या गुणाचा काही उपयोग नाही, नुसता नॉइज पदरात पडतो.

प्रश्न : स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधला (उंच आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधला) सिमेंटचा वायरवाउंड काढून नॉन-इंडक्टिव्ह म्हणजे इंडक्टन्स जवळपास नसलेला टाकावा का?

उत्तर : गरज नाही. १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स धरला तरी २० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ०.१३ ओहम, ८ ओहमच्या ट्वीटरपुढे (उंच सुरांच्या स्पीकरपुढे) तो काय लागणार. वॉटेज पुरेसं आहे ना आणि गरम होऊन व्हॅल्यू सरकत नाही ना, एवढं बघा.

प्रश्न : मी गेन (सिग्नल किती पट मोठा होतो ते) ठरवणारे रेझिस्टर बदलले आणि साउंडस्टेज, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे पसरल्याचा भास, खरंच रुंद झालं, हे कसं?

उत्तर : झालं असेल, पण बहुतेक टॉलरन्समुळे, म्हणजे छापील व्हॅल्यूपेक्षा खरी व्हॅल्यू किती टक्के वरखाली असू शकते त्यामुळे. जुने ५ टक्क्यांचे असतील तर डाव्या चॅनलचा फीडबॅक रेझिस्टर (गेन ठरवणाऱ्यांपैकी एक) ५ टक्के वर आणि उजव्याचा ५ टक्के खाली असू शकतो, मग जास्त गेनच्या स्टेजमध्ये दोन्ही बाजूंत जवळपास ०.९ डीबीचा फरक, म्हणजे गायक मधून थोडा बाजूला सरकलाच. १ टक्क्याचे लावले की तो जागेवर येतो. काढलेले जुने मीटरवर मोजून जोड्या लावल्या असत्या तरी हेच झालं असतं. आणि बदलाच्या आधी-नंतर तुलना करताना आउटपुट व्होल्टेज मोजून दोन्ही वेळा सारखं ठेवा, कारण जरासं मोठं वाजलं तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो.