‘तुंबाड’सारखा पिढीजात वाड्यातला भयपट मराठवाड्यात घडवता येईल का?

येईल की! आणि वाडा कशाला, आमच्याकडं गढ्या आहेत. देशमुख-पाटलांच्या, पांढऱ्या मातीच्या, कोपऱ्याला बुरूज असलेल्या. निम्म्या ढासळल्यात, उरलेल्यांत भाऊबंदकीच्या केसेस चालू.

फक्त ‘तुंबाड’ची (२०१८) नक्कल करायला जाऊ नका. त्यात कोकणातला न थांबणारा पाऊस हेच अर्धं भय आहे. इथं पाऊसच नाही, तर भीती कोरडी पाहिजे. माळवदाचं घर घ्या: लाकडी सर म्हणजे तुळया, त्यावर फळ्या, वर मातीचा जाड थर. रात्री वरून चिमूटभर माती अंथरुणावर पडते. वर उंदीर आहे की कुणी चालतंय, हे खालच्याला कळत नाही. याला व्हीएफएक्सचा खर्च शून्य.

दुसरी जागा म्हणजे धान्याचं पेव, जमिनीखालचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. बंद पेवात ज्वारीमुळं प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळं आत हवा खेळू न देता उतरलेला माणूस जागीच बेशुद्ध पडतो, जीवही जातो. गावानं त्यालाच भूत म्हणावं, यात नवल काय?

कथा गुप्तधनाचीच ठेवा, कारण गढी म्हटली की हंड्याची अफवा आलीच. अघोरी विधी करणारं पात्र असेल तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही कथेत येऊ द्या. मध्यंतरानंतर पोलीस आले की गंमत वाढते. पांढऱ्या साडीतली बाई मात्र नको, लई झालं ते.