डीएनए तोच, तरी यीस्टची एकच पेशी प्रकार का बदलते?

तुम्ही विचारलंय की, यीस्टच्या एका पेशीच्या दोन झाल्या, दोघींत डीएनए तोच, तरी एकीलाच 'ए'चा 'अल्फा' प्रकार होता येतं, दुसरीला नाही, ते कसं? ('ए' आणि 'अल्फा' हे यीस्टचे मीलनाचे दोन प्रकार; एकाचं मीलन दुसऱ्याशीच होतं.) मी सोलापुरात बीएस्सीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मला हा प्रश्न फार जवळचा वाटतो.

आधी एक गोष्ट पक्की धरा. हे यीस्ट मधोमध चिरत नाही. शाळेत कलिकायन शिकलात ना, तसंच. जुन्या पेशीला कळी फुटते, वाढते, वेगळी होते. म्हणजे आई आणि लेक असं नातं असतं. प्रकार बदलतो तो आईचा. एचओ नावाचं एक विकर तिच्या डीएनएला ठरावीक जागी कापतं आणि तिथे दुसऱ्या प्रकारची माहिती उतरवली जाते. ती माहिती त्याच गुणसूत्रावर, पण मुकी करून ठेवलेली असते.

लेकीत एचओचं जनुक असतंच, फक्त चालू होत नाही. तिच्या केंद्रकात अ‍ॅश१ हे प्रथिन साचतं आणि ते त्या जनुकाला दाबून ठेवतं. १९९६ मध्ये आयरा हर्स्कोविट्झ आणि किम नेस्मिथ यांच्या गटांनी हे दाखवलं.

आता खरी गंमत. अ‍ॅश१ लेकीतच का साचतं? कारण त्याचा एम-आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा संदेश, उचलून कळीच्या टोकापर्यंत नेला जातो. शी२ आणि शी३ ही प्रथिनं त्याला धरतात, मायो४ हे मोटर-प्रथिन त्यांना घेऊन पेशीतल्या अ‍ॅक्टिन प्रथिनाच्या दोऱ्यांवरून चालतं, आणि त्या दोऱ्या कळीच्या दिशेनेच ताणलेल्या असतात. ही वाहतूक बिघडवली तर अ‍ॅश१ दोघींत जातं आणि आईही प्रकार बदलेनाशी होते. अ‍ॅश१ काढूनच टाकलं तर लेकही बदलू लागते. मुलांना मी जॅकार्डच्या मागाचं उदाहरण देते, आमच्याकडे चादरीमुळे ते लगेच पटतं: ताण्याचे धागे सगळे तेच, पण नक्षीच्या पुठ्ठ्यावर भोक नसेल तिथला धागा उचलला जात नाही.

लेकीवरची ही बंदी कायमची नसते. तिला स्वतःची कळी फुटून ती आई झाली की पुढच्या फेरीत तीही प्रकार बदलू शकते. म्हणून एकट्या पेशीपासून सुरुवात केली तरी चार पेशी होईपर्यंत दोन 'ए' आणि दोन 'अल्फा' शेजारी-शेजारी मिळतात आणि त्यांचं मीलन होऊ शकतं.

बेकरीच्या यीस्टमध्ये मात्र हे शोधू नका. त्यात सहसा गुणसूत्रांचे दोन किंवा अधिक संच असतात आणि 'ए' व 'अल्फा' दोन्ही एकत्र असले की एचओ बंदच राहतं. आई-लेक पाहायला ते उत्तम. कोमट साखरपाण्यात चिमूटभर टाका (मे महिन्यात आमच्या नळाचं पाणीच पुरेसं कोमट असतं), तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवा. मोठ्या पेशीला चिकटलेली लहान दिसेल, ती लेक.