पद्मिनीच्या गंजासाठी कर्ज काढावे का?

वडिलांनी 1979 साली घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचा सायलेन्सरचा पाइप घोडबंदर रस्त्यावरील आपल्या सोसायटीच्या उतारावर आणि गतिरोधकांवर घासतो, तळाचा पत्राही गंजला आहे, आणि गॅरेजने सांगितलेल्या 1,40,000 रुपयांसाठी वैयक्तिक कर्ज घ्यावे की निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना सहा लाखांची मुदत ठेव मोडावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही करू नये.

14 टक्क्यांचे कर्ज तीन वर्षांत फेडायचे म्हटले, तर दरमहा सुमारे 4,785 रुपये हप्ता आणि एकूण 32,000 रुपयांहून अधिक व्याज पडेल. ती ठेव तर आपली अडीअडचणीची एकमेव शिल्लक आहे. मुळात एवढी रक्कम एकदम लागतच नाही, कारण अंदाजपत्रकातील 75,000 रुपये रंग आणि क्रोमसाठी आहेत. उरलेले 65,000 रुपये, आपण लिहिता त्या 12,000 रुपयांच्या मासिक बचतीतून, सहा महिन्यांत उभे राहतात.

या 65,000मध्ये सर्वांत आधी पाइप खाली येण्याचे कारण दूर करण्याचे 10,000 रुपयांचे काम घ्यावे. पाइप खाली येतो तो बहुधा मागचे पाटे (गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसल्यामुळे, पाइपच्या टांगणीची रबरे सैल झाल्यामुळे किंवा इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे रबरी आधार, दबल्यामुळे. ते तसेच ठेवून 15,000 रुपयांचा नवा सायलेन्सर लावला तर तोही घासेल आणि जोडाशी तडकेल. त्यानंतर 40,000 रुपयांचे तळाचे आणि दरवाजांखालचे पत्राकाम. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालची स्वतंत्र चौकट, नाही, तिचा सांगाडा म्हणजे हाच पत्रा, त्यामुळे तेथे पुट्टी भरून वर काळा रंग मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. सायलेन्सर याच वेळी बदलावा, कारण वेल्डिंगसाठी तो उतरवावाच लागेल. तोपर्यंत गाडी शक्यतो उभी ठेवावी: फुटका सायलेन्सर आणि भोके पडलेला तळ एकत्र आले की कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो, आणि तो वासावरून कळत नाही.

आपण गाडी फक्त नौपाड्यापर्यंत नेता, हेही गंजाचे एक कारण आहे. पेट्रोल जळताना वाफ तयार होते, छोट्या फेरीत सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ते पाणी आतच साचते. दुरुस्तीनंतर आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवणे हा फुकटातला उपाय आहे. गंज आणि झीज यांची भरपाई विमा देत नाही.

पाइपला जागा करण्यासाठी तळ कापून आकार बदलू नये. नोंदणीला 50 वर्षे झालेल्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या मोटारीची, 2021च्या नियमांनुसार, 20,000 रुपये शुल्क भरून विंटेज म्हणून नोंदणी करता येते. आपल्याला ती संधी 2029 साली मिळेल. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हे ध्यानात घेऊनच तेव्हा ठरवावे. सध्याच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि ऑगस्ट 2025पासून 20 वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क 10,000 रुपये झाले आहे, तेवढी रक्कम बाजूला असावी.

पुढे किंमत वाढेल, ही आपली आशा मात्र मी हिशेबात धरलेली नाही. वैयक्तिक वापराची मोटार विकून नफा झाला तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही हे खरे, पण नफा होईलच असे कोण सांगणार? रंगाचे 75,000 रुपये निवृत्तीनंतर, ठेवीला हात न लावता, जमले तर खर्चावेत. तूर्त गॅरेजकडून पाटे, पत्राकाम आणि सायलेन्सर यांची तीन वेगवेगळी लेखी अंदाजपत्रके मागवावीत, आणि तळ उघडल्यावर अधिक कूज निघाल्यास फोटो दाखवून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, अशी अट त्यात लिहून घ्यावी.