हाडं ठिसूळ, हाडं मऊ, की हाडं कच्ची?

सदाशिव पेठेतल्या एका वाचकांनी विचारलं आहे: "आईच्या कागदांवर 'ऑस्टिओपोरोसिस' लिहिलंय आणि आत्याच्या कागदांवर 'ऑस्टिओमलेशिया'. घरात मात्र दोघींबद्दल 'हाडं ठिसूळ झालीत' एवढंच म्हणतात. हे आजार वेगळे असतील, तर मराठीत वेगळे शब्द आहेत का? बोलताना कोणते वापरावेत?"

शब्द आहेत. ऑस्टिओपोरोसिसला अस्थिसुषिरता आणि ऑस्टिओमलेशियाला अस्थिमृदुता. पण हे दोन शब्द पाठ केल्याने घरातला घोळ मिटणार नाही, कारण घोळ 'ठिसूळ' या शब्दात आहे.

ठिसूळ म्हणजे न वाकता मोडणारं. खडू ठिसूळ असतो, शहाबादी फरशीचा कोपरा ठिसूळ असतो. वस्तू कशी मोडते ते हा शब्द सांगतो, तिच्यात काय कमी पडलंय ते सांगत नाही. ऑस्टिओपेट्रोसिस नावाच्या दुर्मीळ जन्मजात आजारात हाडं एक्स-रेत नेहमीपेक्षा दाट, पांढरीफटक दिसतात आणि तरीही पटकन मोडतात. ती ठिसूळ आहेत, पण पोकळ नाहीत. उलट, आत्याच्या आजारात हाड भाराखाली वाकू शकतं. तिथे 'ठिसूळ' म्हणणं शब्दशः उलटं होतं.

आता हाडाकडे बघू. त्याचा सांगाडा कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो आणि त्या धाग्यांवर कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार बसून त्याला कडकपणा येतो. ऑस्टिओपोरोसिसमध्ये धागे आणि क्षार यांचं आपसातलं प्रमाण ठीकच असतं. एकूण हाडच कमी झालेलं असतं. ऑस्टिओमलेशियात धागे विणले जातात, पण त्यांच्यावर क्षार पुरेसे बसत नाहीत. एकात माल कमी, दुसऱ्यात माल अर्धवट तयार.

'सुषिर' शब्द संगीतामुळे आपल्या ओळखीचा आहे. बासरी, सनई ही सुषिर वाद्यं. सुषिर म्हणजे छिद्र असलेलं, पोकळ. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात मज्जाक्षयाच्या, म्हणजे हाडांतली मज्जा क्षीण होण्याच्या, लक्षणांत हाडांचं 'सौषिर्य' सांगितलेलं आहे, त्यामुळे हा शब्द कुणी कालपरवा टेबलावर बसून पाडलेला नाही. माझी तक्रार एवढीच, की निरोगी हाडालाही आतून अनारशासारखी जाळी असतेच. छिद्रं असणं हा आजार नव्हे. जाळीच्या भिंती पातळ होणं, मधले दुवे तुटणं हा आजार.

म्हणून बोलताना मी 'विरलेली हाडं' म्हणेन. जुनं लुगडं विरतं तेव्हा सूत तेच असतं, वीणही तीच असते, पण उजेडात धरलं की आरपार दिसतं आणि जरा ताणलं की टरकतं. ऑस्टिओपोरोसिसचं याहून चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही. विरलेलं लुगडं घडी करून ठेवलं तर कुरकुरत नाही, तसंच हे हाडही मोडेपर्यंत सहसा दुखत नाही. मग पाय घसरण्याचं निमित्त होतं आणि मनगट किंवा खुबा मोडतो. मणका तर वाकून बादली उचलतानाही दबतो. तरुणपणच्या उंचीत ४ सेंटीमीटरच्या आसपास घट झाली असेल, पोक आलं असेल, तर मणक्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

'मृदुता' मात्र मला फसवी वाटते. 'मऊ' म्हटल्यावर लोण्यासारखं, बोटाने दाबता येईल असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे योग्य शब्द 'कच्चं'. मडकं घडवलं, आकार आला, पण आव्यात भाजलंच नाही. लहान मुलांत याच प्रकाराला मुडदूस म्हणतात, ते शाळेच्या पुस्तकातलं 'ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुडदूस' सगळ्यांना आठवत असेल. मोठ्या माणसात हाडांची वाढ थांबलेली असल्यामुळे पाय तसे धनुकलीसारखे सहसा होत नाहीत, पण हाडं दुखतात. कंबर, बरगड्या, मांड्या ठसठसतात, नडगीवर अंगठा दाबला की कळ येते. मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. पर्वतीच्या पायऱ्या राहू द्या, मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठवत नाही, चाल बदकासारखी डुलते. पुष्कळदा याला 'संधिवात' म्हणून वर्षानुवर्षं बाम चोळला जातो.

विरलेलं आणि कच्चं, हे दोन शब्द लक्षात राहिले की उपायांतला फरकही आपोआप कळतो. कच्चं पक्कं करता येतं. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फेट, जे कमी असेल ते भरून काढलं की दुखणं काही आठवड्यांत ओसरू लागतं आणि हाड काही महिन्यांत भरतं. विरलेलं लुगडं पुन्हा नवं होत नाही. औषधांनी झीज रोखता येते, घनता थोडी वाढते, मोडण्याचा धोका बराच घटतो.

कागदांवर हा फरक कुठे दिसतो? डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीतला टी-स्कोअर निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, उणे १ ते उणे २.५ च्या मधे ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता कमी, पण ऑस्टिओपोरोसिसइतकी नाही. पण हे यंत्र क्षार मोजतं. क्षार लुगडं विरल्यामुळे कमी आहेत की मडकं कच्चं राहिल्यामुळे, हे त्याला कळत नाही. ऑस्टिओमलेशियातही आकडा उणे ३ येऊ शकतो. भेद रक्तात उघडा पडतो: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन. विरलेल्या हाडांत पहिले तीन आकडे बहुधा ठीक असतात. कच्च्या हाडांत अल्कलाइन फॉस्फटेज सहसा वाढलेलं आणि फॉस्फरस बऱ्याचदा घसरलेला असतो.

शब्दाची चूक औषधात उतरते ती इथे. 'ठिसूळ हाडांचं वर्षाला एक इंजेक्शन असतं' असं ऐकून नातेवाईक आग्रह धरतात. ते झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, शिरेतून. हाडातून कॅल्शियम बाहेर पडणं ते रोखतं. ड जीवनसत्त्व आधी भरून न काढता कच्च्या हाडांच्या माणसाला ते दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम कोसळू शकतं: ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, पेटके. आणि हो, एकाच बाईची हाडं विरलेलीही असू शकतात आणि कच्चीही. तेव्हा आधी कच्चेपणा दूर करायचा, मग विरण्याचं औषध.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, सुमारे ८ आठवडे देतात. 'रोज एक' असं समजून घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकतं. पुण्यात उन्हाला तोटा नाही, पण सरकत्या काचेमागच्या बाल्कनीतलं ऊन या कामी निरुपयोगी, कारण लागणारे अतिनील-ब किरण काच अडवते. सकाळी लवकरच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे. 'कोवळं' हा शब्द कितीही गोड असला तरी काम दुपारच्या आसपासचं ऊनच करतं.

जाता जाता दोन गोष्टी. हाडांची 'झीज' हा शब्द मी वर ओघात वापरला खरा, पण बोलण्यात तो गुडघ्यांसाठी, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी रुळला आहे. तिथे मुख्यतः सांध्यातली कूर्चा झिजते. तेव्हा आईच्या बाबतीत 'झीज' टाळावा.

दुसरं, 'अस्थी' म्हटलं की मराठी घरात आधी अस्थिविसर्जन आठवतं. अस्थिरोगतज्ज्ञांच्या पाटीवर शब्द खपून जातो, आईच्या तोंडावर नाही. लेखात 'अस्थिसुषिरता', 'अस्थिमृदुता' खुशाल लिहा. सुटा शब्द 'अस्थी', थी दीर्घ. समासात पहिलं पद म्हणून आला की थि ऱ्हस्व. घरी मात्र आईची हाडं विरलीत आणि आत्याची कच्ची राहिलीत, असंच म्हणा.