वस्तूचं नाव घे

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग हातात पेन्सिल घेऊन तिसऱ्यांदा वाचलं. चार पानांत 'मदत' हा शब्द सतरा वेळा आलाय, 'शस्त्रं' नऊ वेळा. एकाही शस्त्राचं नाव कुठे नाही. तुझा सगळा गोंधळ मला तिथे दिसला.

तुमच्या विद्यार्थी परिषदेपुढे 'युक्रेनला शस्त्रं देणं थांबवा' असा ठराव आलाय, त्यावर तुला बोलायचंय, हातही वर करायचाय, आणि रात्री पटलेली बाजू सकाळी पटत नाही, असं तू लिहितेस. मी तुला शाबासकी देत बसणार नाही. युद्धात माणसं मरतात आणि ज्याने दुसऱ्याच्या देशात रणगाडे घातले तो दोषी, हे आपल्या दोघांत धरूनच चालू. पुढचं बोलू.

वस्तूचं नाव घे, तारीख सांग. एवढंच तुला सांगायचंय आणि या पत्रात तेच पुन्हापुन्हा येणार आहे. 'मदत द्यावी का' या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण त्या शब्दात हेल्मेटही मावतं आणि पाचशे किलोमीटर जाणारं क्षेपणास्त्रही मावतं. तू राहतेस त्या देशाने, जर्मनीने, जानेवारी 2022 मध्ये 5,000 हेल्मेट देऊ केली, तीही मदतच होती. 24 फेब्रुवारीला रशियाचं आक्रमण झालं, दोनच दिवसांनी त्याच सरकारने रणगाडाविरोधी 1,000 अस्त्रं आणि खांद्यावरून डागायची 500 स्टिंगर क्षेपणास्त्रं जाहीर केली. शब्द तोच राहिला. त्या दोन दिवसांत बदललं ते खोक्यांत काय भरायचं हे.

तुझ्याच देशातलं आणखी एक उदाहरण देतो, कारण मला वाटतं तुमच्या सभेत ते कुणी काढणार नाही. गेपार्ड. लेपर्ड रणगाड्याच्या जुन्या सांगाड्यावर बसवलेली विमानवेधी तोफ, 35 मिलिमीटरच्या दोन नळ्या, दोन्ही मिळून मिनिटाला 1,100 गोळे. सत्तरच्या दशकातलं यंत्र. जर्मन लष्कराने केव्हाच निवृत्त केलेलं. एप्रिल 2022 मध्ये ती द्यायचं ठरलं तेव्हा तिथे काय वादंग झालं ते जुनी वर्तमानपत्रं काढून बघ. त्याच आठवड्यात स्त्रीवादी पत्रकार अॅलिस श्वार्झर आणि इतरांचं खुलं पत्र आलं, जड शस्त्रं देऊ नका म्हणून. काही दिवसांत त्याला उत्तर देणारं दुसरं खुलं पत्र आलं. दोन्हीकडे मोठमोठी माणसं होती, आणि दोन्हीकडे चर्चा 'जड शस्त्रं' या दोन शब्दांवर चालली होती.

पहिल्या गेपार्ड जुलैत पोचल्या. ऑक्टोबरपासून युक्रेनच्या वीजकेंद्रांवर रशियाने सोडलेले शाहेद ड्रोन यायला लागले. हळू उडणारे, मोठा आवाज करणारे, तुलनेने स्वस्त. एकेक ड्रोन पाडायला काही दशलक्ष डॉलरचं पेट्रिअट क्षेपणास्त्र वापरणं कुणालाच परवडणार नव्हतं. तिथे ही मोडीत निघालेली तोफ कामाला आली. ज्याला सभेत सगळे 'जड शस्त्र' म्हणत होते, ते रात्री एखाद्या शहराचे दिवे चालू ठेवत होतं.

आणि तिच्या गोळ्यांचं काय झालं? स्वित्झर्लंडमध्ये बनलेला दारूगोळा जर्मनीकडे होता, पण तो पुढे युक्रेनला द्यायला स्वित्झर्लंडने तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून नकार दिला. मग जर्मनीतच उन्टरल्यूसच्या कारखान्यात नवी उत्पादनव्यवस्था उभी करावी लागली आणि तिथून पहिले गोळे निघाले सप्टेंबर 2023 मध्ये. म्हणजे एक सबंध हिवाळा मध्ये गेला. तो हिवाळा कुणाच्याही भाषणात येत नाही. म्हणून म्हणतो, तारीखही सांग.

आता माझं सांगतो. तू विचारलं नाहीस, पण ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

1993 साली मी एका दैनिकात परदेशी बातम्यांच्या टेबलावर होतो. बोस्नियाच्या तारा रोज यायच्या. 1991 च्या सप्टेंबरात सुरक्षा परिषदेने 713 क्रमांकाच्या ठरावाने सबंध युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली होती, एकमताने. भारतही तेव्हा परिषदेत होता. पुढे देश फुटला, बोस्निया वेगळा झाला, राजधानी सारायेवोला सर्ब फौजांचा वेढा पडला, आणि बंदी मात्र सगळ्यांवर सारखी राहिली. ती उठवून बोस्नियाच्या सरकारला शस्त्रं घेऊ द्यावीत का, हा त्या वर्षीचा वाद होता. मी अग्रलेख लिहिला. मथळा दिला, 'आगीत तेल नको'. मला तो मथळा फार आवडला होता. शस्त्रं वाढली की युद्ध लांबतं, असं मी त्यात सुंदर मराठीत लिहिलं.

त्याच दिवशी माझ्या टेबलावर वृत्तसंस्थेची एक लांब तार होती. जागेत बसत नव्हती, तेव्हा आम्ही करायचो तेच मी केलं, खालून कापली. कापलेल्या शेवटच्या परिच्छेदात कुणाकडे काय आहे त्याची यादी होती. जुन्या युगोस्लाव्ह सैन्याचे रणगाडे, तोफा, कोठारं कुणाच्या हाती गेली आणि वेढ्यातल्या लोकांच्या हाती काय उरलं, ते सगळं. मी तो परिच्छेद वाचला होता, त्यावर निळ्या पेन्सिलीने आडवी रेघ मारली होती. ती रेघ मला आजही दिसते. सारखी बंदी म्हणजे ज्याच्याकडे आधीच कोठार आहे त्याला मोकळं रान, हे त्या यादीत लख्ख लिहिलेलं होतं, आणि अग्रलेख लिहिताना ते माझ्यासमोर होतं.

जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनित्सा पडलं. संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेलं गाव. तिथल्या लोकांची बरीच शस्त्रं, तसं क्षेत्र करताना झालेल्या करारानुसार, आधीच जमा करून घेतली होती आणि शेवटच्या दिवसांत त्यांनी ती परत मागितली तेव्हा मिळाली नाहीत. 8,000 हून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. ती बातमीही मीच लावली. त्या दिवशी माझ्या हातून काहीच कापलं गेलं नाही.

मी एकटा चुकलो असं नाही, हेही लिहून ठेवतो. ब्रिटन आणि फ्रान्सचे सैनिक शांतिसेनेत तिथे होते, बंदी उठली तर आपलीच माणसं सापडतील ही त्यांची भीती खोटी नव्हती. जून 1993 मध्ये बंदी उठवण्याचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा बाजूने 6 मतं पडली आणि 9 देश तटस्थ राहिले. माझ्या अग्रलेखाने सारायेवोतला एक दगडही इकडचा तिकडे झाला नसता. हे सगळं खरं आहे. तरीही मी जे कापलं ते कापलं. न देणं हाही निर्णय असतो, त्यालाही नाव आणि तारीख असते, हे मला त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगतोय, म्हणून रागावून सांगतोय. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, 'निदान आपल्या हाताला रक्त लागू नये.' या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्यात. हे वाक्य तुझ्याबद्दल आहे, वेढ्यातल्या माणसाबद्दल नाही. ते काढून टाक.

माझे काही जुने मित्र 2022 पासून माझ्याशी बोलत नाहीत. आम्ही एकत्र शांतता मोर्च्यांना गेलो, अणुचाचण्यांविरुद्ध सह्या गोळा केल्या, आणि आता मी 'शस्त्रवाला' झालो म्हणतात. त्यांना मी एकच आठवण करून देतो: 1940 साली गांधीजींनी पोलंडच्या सशस्त्र प्रतिकाराला जवळजवळ अहिंसाच म्हटलं होतं. त्यांना तो देश कुठल्या बळापुढे उभा होता ते दिसत होतं. मी माझ्या मूल्यांपासून हललेलो नाही. मी यादी वाचायला लागलो, इतकंच.

पण तू आता माझ्या बाजूने उडी मारशील, तेही नको. यादी वाचणारा माणूस दर वेळी 'द्या' म्हणत नाही. 9 ऑगस्ट 2018 ला येमेनमध्ये शाळकरी मुलांच्या बसवर बॉम्ब पडला, 40 मुलं गेली. तो सौदी आघाडीच्या विमानातून पडलेला अमेरिकन बनावटीचा 500 पौंडी बॉम्ब होता. तिथेही सगळं 'मित्रराष्ट्राला लष्करी साहाय्य' या एका शब्दसमूहाखाली चाललं होतं. बॉम्बचं नाव घेतलं आणि तो कुठे पडला ते सांगितलं की मग प्रश्न विचारता येतो, कुणाला देतोय आणि तो कशावर टाकणार आहे. 2013 चा शस्त्रव्यापार करार नेमका हाच प्रश्न सरकारांना विचारायला लावतो, आणि तुझ्या देशाने त्यावर सही केलेली आहे. अफगाणिस्तानात 1986 पासून दिलेली स्टिंगर क्षेपणास्त्रं पुढे अमेरिकेलाच पैसे मोजून परत विकत घ्यायला लागली, सगळी मिळालीही नाहीत. तुमच्या ठरावाच्या बाजूने बोलणारा कुणी हे दाखले काढत असेल तर तो प्रामाणिक माणूस आहे, त्याचं नीट ऐक.

पैशाबद्दल तू जे लिहिलंयस ते कच्चं आहे. 'एवढ्या अब्जांत किती इस्पितळं झाली असती' हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. अमेरिकेच्या एप्रिल 2024 च्या कायद्यात युक्रेनसाठी जवळपास 61 अब्ज डॉलर होते, पण त्यातला मोठा भाग आधी दिलेल्या जुन्या साठ्याच्या जागी नवा साठा करायला, म्हणजे अमेरिकेतल्याच कारखान्यांत, जाणार होता. पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला 155 मिलिमीटरच्या तोफगोळ्यांची कवचं घडतात, तिथल्या कामगाराच्या पगारालाही कागदावर 'युक्रेनला मदत' म्हणतात. जर्मनीचा हिशेब वेगळा आहे, तिथे अर्थसंकल्पातून पैसा जातो आणि इस्पितळाचा प्रश्न खरा असू शकतो. मग तो त्या ओळीवर विचार, कुठल्या वर्षाच्या, कुठल्या खरेदीच्या.

आणि जाहीर झालेलं ते पोचलं असं धरू नकोस. युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये वर्षभरात 10 लाख तोफगोळे देऊ असं सांगितलं. वर्ष संपताना जेमतेम निम्मे गेले होते. कील इथली अर्थशास्त्र संस्था म्हणूनच कबूल केलेलं आणि खरोखर दिलेलं किंवा द्यायला नेमून ठेवलेलं असे दोन वेगळे आकडे ठेवते. तुझ्या तिसऱ्या पानावर तू कबूल केलेला आकडा खर्च म्हणून लिहिलायस. ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शोभते, तुला नाही. अमेरिकेतलं ते विधेयक ऑक्टोबर 2023 मध्ये मागितलं गेलं आणि 24 एप्रिल 2024 ला त्यावर सही झाली. मध्ये 17 फेब्रुवारीला पूर्व युक्रेनमधलं अवदिइव्का शहर हातचं गेलं. तिथल्या सैनिकांना गोळे मोजून वापरावे लागत होते. वॉशिंग्टनमध्ये तेव्हाही 'मदत द्यावी का' यावरच चर्चा चालू होती.

भीतीबद्दल तू जे शेवटी, थोडं लाजत लिहिलंस, ते मला सगळ्यात जास्त भिडलं. अणुयुद्धाची भीती वाटते म्हणून स्वतःला भित्री म्हणू नकोस. ज्याला ती वाटत नाही त्याच्याशी मी बोलत नाही. पण तीही वस्तूवर ठेवून बघ. गेपार्डचा पल्ला काही किलोमीटर आहे. टाउरुस क्षेपणास्त्राचा 500 किलोमीटरहून जास्त. शोल्झ चॅन्सलर असेपर्यंत जर्मनीने पहिली वस्तू दिली आणि दुसरी दिली नाही. त्यांचं चुकलं असं म्हणता येईल, बरोबर होतं असंही म्हणता येईल, पण तो निदान वाद घालता येण्यासारखा निर्णय होता. लेपर्ड रणगाड्यांचं उलट झालं. जानेवारी 2023 पर्यंत नाही-नाही म्हणत अखेर द्यायचं ठरलं, मार्चअखेर ते पोचले, जूनमध्ये लढाईत उतरले, आणि तोवर समोर सुरुंगांचे पट्टे पेरून झाले होते. उशिरा दिलेली वस्तू ही वेगळीच वस्तू असते.

मी असतो तर ठरावाच्या विरोधात हात वर केला असता. तुला ते माहीत होतं आणि म्हणूनच मला पत्र लिहिलंस, मला वाटतं. पण माझा हात तुझ्या खांद्याला जोडू नकोस. सभेत उभी राहिलीस की ठराव मांडणाऱ्याला आधी विचार: यात गेपार्डचे गोळे येतात का? वीजकेंद्रावरची हवाई संरक्षण यंत्रणा येते का? जखमींना नेणारी चिलखती गाडी येते का? तो 'हो, सगळंच' म्हणाला तर तुझा निर्णय सोपा आहे. तो थांबला, विचारात पडला, तर ठरावात दुरुस्ती सुचव आणि त्याच्याबरोबर बसून ती लिही. तो तुझा शत्रू नाही.

बोलायचा कागद पुन्हा लिही. 'मदत' शब्द आला की खोड आणि त्या जागी काय आहे ते लिही. जमणार नाही तिथे तुला माहिती कमी आहे असं समज आणि शोधायला लाग. आणि ठरावाचा मूळ मजकूर मला पाठव, जर्मनमध्येच, जसाच्या तसा. तू पत्रात त्याचं केलेलं मराठी फार गुळगुळीत आहे. 'शस्त्रं' या शब्दाच्या पुढेमागे त्यांनी नेमकं काय लिहिलंय ते मला बघायचंय. सभा गुरुवारी आहे म्हणालीस, तेव्हा आजच पाठव.