पायाखालचा ब्रेक

दिवाळी उरकली की माझ्याकडे एक ठरावीक वाक्य यायला लागतं. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्याची धावपळ असते. बँकेत रांग लावायची, आधार नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा टेकवायचा आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करून घरी यायचं. ते करून आलेली माणसं माझ्यासमोर बसतात आणि शब्द थोडे इकडचे तिकडे करून एकच विचारतात, "आता माझा कुणाला काय उपयोग?" निवृत्त मास्तर विचारतात, तलाठी विचारतात, जन्मात पेन्शन न पाहिलेल्या आज्ज्याही विचारतात. कराडला बावीस वर्षं मी समुपदेशनाचं काम करतेय. हा प्रश्न ऐकला नाही असा नोव्हेंबर आठवत नाही.

म्हणून अण्णांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. लिहू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, "गाडीचं मातर बरोबर लिवा."

अण्णा एसटीत चालक होते, १९७५ ते २००६. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४८. गुरुजींनी अंदाजे टाकलेली, त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राची असते तशी. पण १ जून १९४८ लाच पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली होती, त्यामुळे "मी आन् एसटी एका दिवसाची" हे ते अभिमानानं सांगायचे. नोकरीतला बराच काळ कराड-चिपळूण मार्गावर, म्हणजे कुंभार्ली घाटात गेला. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्या, पावसाळ्यातलं धुकं, मागे चाळीस-पंचेचाळीस माणसं. विनाअपघात सेवेबद्दल डेपोत सत्कार झालेला.

पाटणजवळच्या गावाहून मुलगा त्यांना घेऊन आला. त्याची तक्रार अशी की बाबा घरात कुणालाच गाडी चालवू देत नाहीत. सुनेनं स्कूटी काढली की फाटकापर्यंत मागे जातात. एसटीत बसले की ड्रायव्हरच्या मागची सीट धरतात आणि तिथून "गियर बदल, हॉर्न दे, दाबून घे" सुरू होतं. महिन्यापूर्वी एका तरुण चालकानं गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, या. तुम्हीच चालवा." गाडीतली माणसं हसली. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. पुढच्याच आठवड्यात बँकेत अंगठा उमटेना.

"पाच येळा दाबला," अण्णा म्हणाले. त्यांनी तळवा माझ्यापुढे टेबलावर उताणा ठेवला. अंगठा गुळगुळीत होता, वापरून झिजलेल्या नाण्यासारखा. "स्टेअरिंगनं रेषा खाल्ल्या. मशीन म्हनतंय, हा मानूस न्हाई. आन् खरं सांगू का म्याडम, मला बी तसंच वाटाय लागलंय."

शेवटी बँकेतल्या मुलानं मोबाइलवर चेहरा दाखवून काम केलं होतं. पण ते वाक्य काही त्यांच्या मनातून जाईना.

सुरुवातीला मी चुकले. वयस्कर माणसाला आपण सगळेच जे सांगतो तेच मीही सांगितलं. सकाळी चालायला जा, थोडा प्राणायाम करा, बाग करा, देवळात भजनाला बसा, बारीकसारीक गोष्टींत आनंद शोधा. अण्णांनी मान डोलावली. दोन आठवड्यांनी ते एक वही घेऊन आले. ड्युटीच्या नोंदीसारख्या रेघा मारलेल्या. ५.३० चालणे. ६.३० प्राणायाम. ७.१५ आनंद.

"हे 'आनंद' काय?"

"तुमीच म्हनला न्हवं का, चहा पिताना बारक्या गोष्टीत आनंद घ्या. घेतला. पंधरा मिन्टं."

मी हसले, तेही हसले. पण ते गेल्यावर ती वही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी त्यांना समाधानाचा रस्ता दाखवायला निघाले होते आणि हातात दिली होती आणखी एक ड्युटी. वेळेवर सुटायची, वेळेवर पोचायची. 'छोट्या गोष्टींत आनंद माना' हे वाक्य त्या दिवसापासून मी कुणालाही सांगत नाही. मोबाइलवर सकाळी फुलांच्या चित्रासकट ते येतं तेव्हा तर मला राग येतो. आनंद मानता येत नाही. तो समोर आला तर दिसावा एवढी जागा डोळ्यांत रिकामी ठेवता येते, बस.

अण्णांची ती जागा कशानं भरली होती, ते मला त्यांच्या पायानं सांगितलं.

तिसऱ्या भेटीत मुलगाही बसला होता. परवा कराडहून येताना पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली होती, उसाची, मागे दिवा नसलेली, असं तो सांगत होता. सहज माझं लक्ष खाली गेलं. अण्णांचा उजवा पाय चटईवर दाबला गेला होता. चांगला जोर लावून. चपलेच्या अंगठ्यातलं बोट पांढरं पडलेलं. मुलगा म्हणाला, "मग मी ओव्हरटेक केलं," आणि पाय हळूहळू सैल झाला. पुढे स्कूटीचा विषय निघाला, पाय पुन्हा खाली.

मुलाला बाहेर बसवलं आणि विचारलं, "अण्णा, ब्रेक कुणाचा दाबताय?"

त्यांनी पायाकडे बघितलं. पाय मागे घेतला. लहान मुलासारखे ओशाळले. "हे झोपेत बी आसतंय. मंडळी म्हनायची, लाथा घालताय व्हय."

"न दाबला तर काय होईल?"

"गाडी जाईल की."

"कुठली गाडी?"

यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.

माझी वैचारिक बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या पद्धतीचा गाभा असा की माणूस प्रसंगानं जेवढा पोळतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलच्या स्वतःच्या हट्टानं पोळतो. स्वतः एलिस ९३ वर्षं जगले आणि नव्वदीतही काम करत होते, तेव्हा म्हातारपणाबद्दल त्यांचं ऐकायला हरकत नसावी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सांगते, हा हट्ट इंग्रजीत समजवायला पानं लागतात, मराठीत एक अक्षर पुरतं. 'च'. गाडी नीट जावी, ही इच्छा. गाडी नीट गेलीच पाहिजे आणि ती मीच बघितली पाहिजे, हा हट्ट. दोन 'च' आले की झोप गेली.

पण अण्णांपुढे हे सांगताना माझी जीभ अडखळली. कारण त्यांचा 'च' खुळा नव्हता. एकतीस वर्षं त्याच 'च'नं माणसं घरी पोचवली होती. घाटात 'गाडी नीट जावी, असं मला वाटतं' म्हणणारा चालक कुणाला हवाय? मी जर सांगितलं असतं की तुमचा विचार चुकीचा आहे, तर तो माणूस उठून गेला असता, आणि बरोबर केलं असतं.

मग मी वेगळं विचारलं. "रिटायर झालात त्या दिवशी गाडी कुणाच्या ताब्यात दिली?"

"डेपोत लावली. साहेबांनी नारळ, शाल दिली. फोटू काढला."

"आणि प्रवासी?"

"प्रवासी काय, उतरले की चिपळूनला."

"सगळे? मोजले होते?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग डोळ्यांना रुमाल लावला. "न्हाई वो म्याडम," ते म्हणाले. "अजून मागं बसल्यात."

अशा वेळी सल्ला द्यायची फार खुमखुमी येते. मी ती गिळली, याचं मला आजही बरं वाटतं. पाणी दिलं आणि गप्प बसले.

पुढचा गृहपाठ दोघांनी मिळून ठरवला. पंच्याहत्तरी झाल्यामुळे एसटी त्यांना फुकट होतीच, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. पाटणहून चिपळूणला जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. ड्रायव्हरमागची सीट घ्यायची नाही. खिडकीशी बसायचं. बाकी काही करायचं नाही. वही तर मुळीच न्यायची नाही.

पहिली फेरी फसली. "डोळं झाकून बसलो तरी पाय दाबत व्हता. समदी वळनं पाठ हैत, कुठं दाबायचं ते त्येला म्हाईत."

दुसऱ्या फेरीनंतर फेब्रुवारीत आले ते दारातूनच बोलत. "मांडी घातली म्याडम!"

मला आधी कळेना. मग त्यांनी खुर्चीवर मांडी घालून दाखवली. घाटमाथा आला तशा चपला काढल्या, दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी ठोकली. ब्रेक दाबायला खाली पायच नाही! बावीस वर्षांत माझ्या डोक्यात आली नसती अशी युक्ती. हे मी शिकवलेलं नाही, हे मुद्दाम नोंदवते. आणि डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा पुढे जे घडलं त्याचं निम्मं श्रेय डोळ्यांच्या डॉक्टरांना.

"काय दिसलं?"

"लाल." एवढंच म्हणून थांबले. मग, "सावरी फुलल्यात. पान न्हाई एक, नुसती लाल फुलं. पार खालपातूर. म्या इचारलं शेजारच्याला, ही नवी लावली काय. त्यो हसाय लागला. जुनी झाडं हैत म्हनं." थोडं थांबून ते म्हणाले, "एकतीस वर्सं त्या घाटातनं गाडी न्हेली. दरी बगितलीच न्हाई. दरी म्हंजी आमाला फकस्त पडायची जागा."

हे ऐकल्यावर मी म्हणू शकले असते, बघा, केवढं हुकलं तुमचं. बरेच जण म्हणतात, स्वतःलाही म्हणतात. निवृत्तीनंतर पोरांचं बालपण आठवून रडणारे बाप मी पाहिलेत. पण अण्णांचं काही हुकलं नव्हतं. त्यांनी रस्त्यावर नजर ठेवली म्हणून पंचेचाळीस जणांना खिडकीतून सावर बघता आली. प्रवाशांची बघायची पाळी संपली होती, आता अण्णांची होती. मी त्यांना एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी आता म्या पाशिंजर."

"जमेल?"

"तिकीट बी फुकाट हाय की."

म्हातारपण म्हणजे नक्की काय, याचं माझ्यापुरतं उत्तर मला त्या दिवशी मिळालं आणि ते पुस्तकातलं नाही, याचा मला थोडा अभिमान आहे. 'उपयोग काय' असं विचारणाऱ्या बहुतेक माणसांना नवा उपयोग नको असतो. जुनी ड्युटी संपल्याचं कुणीतरी नीट सांगावं, ताबा घ्यावा, एवढं हवं असतं. निरोप समारंभात आपण शाल देतो, ताबा घेत नाही. बाईमाणसाला तर समारंभही नसतो. चाळीस वर्षं घर चालवलेल्या सासूच्या हातून एका सकाळी चहाचं पातेलं काढून घेतलं जातं, "तुम्ही आराम करा" म्हणून. आणि मग ती दिवसभर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते. तोही पायाखालचा ब्रेकच.

मुलांनी काय करावं? काढून घेण्याआधी मागा. "आई, हे आता मी बघू का? तू कसं करायचीस ते सांग," एवढं म्हणायला दहा मिनिटं लागतात. खोटी कामं मात्र देऊ नका, त्यांना लगेच कळतं. अण्णांच्या सुनेनं एक रविवार त्यांना स्कूटीवर मागे बसवून पाटणला नेलं आणि वाटेत कुठे चुकतंय ते विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही बरोबर होत्या. फाटकापर्यंत जाणं त्यानंतर थांबलं. मागे बसल्यावर वळणाला तिचा खांदा अजून दाबतात, पण तेवढं तिला चालतं.

आणि एक. वाढत्या वयातली चिडचिड दरवेळी मनाचीच असते असं नाही. आधी डोळे, कान, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. माणूस जेवेनासा झाला, झोप उडाली, वजन उतरलं, 'आता सुटलो तर बरं' असं म्हणायला लागला, तर माझ्यासारखीच्या गप्पांवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. वयामुळे होतं असं म्हणून सोडून दिलेलं नैराश्य मी खूप पाहिलंय, आणि ते औषधांनी बरं होतानाही पाहिलंय. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवायला काही जात नाही.

अण्णांची शेवटची भेट मार्चअखेरीस ठरली होती, अकरा वाजता. पावणेबारा झाले तरी पत्ता नाही. वेळेच्या बाबतीत हा माणूस घड्याळ लावून घ्यावं असा, त्यामुळे मला काळजी वाटायला लागली. मुलाला फोन लावणार तेवढ्यात दारात उभे. सदऱ्यावर भाजलेल्या शेंगांची टरफलं.

"गाडी लेट झाली," म्हणाले. "मल्हारपेठच्या पुढं उभीच व्हती अर्धा तास."

"का? काय झालं होतं?"

अण्णांनी खुर्ची ओढली, बसले, चपला काढून बाजूला सरकवल्या.

"न्हाई इचारलं," ते म्हणाले.