फाडलेली पानं कुठे आहेत?

मावशी, मी पुण्यात बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फायनान्शियल मॅनेजमेंट दुसऱ्यांदा राहिला. रोज पहाटे चारला उठते, मोबाइल आईकडे देऊन ठेवते, प्रत्येक चॅप्टरच्या नोट्स तीन रंगांत काढल्या आहेत. बाबा वही बघतात, म्हणून गणित चुकलं की पान फाडते आणि गाईडमधून नीट उतरवून घेते. सर वर्गात पळवतात. चॅप्टर कळला नाही म्हटलं की 'पुन्हा वाच' म्हणतात. मैत्रीण मात्र आदल्या रात्री वाचून पास होते. अजून किती तास वाढवू?
– पहाटे चारची

एकही तास वाढवू नकोस. उलट उद्यापासून सहापर्यंत झोप. चारला उठण्याचं कौतुक घरचे करत असतील, माझ्याकडून मिळणार नाही. सर आणि मैत्रीण यांनाही सध्या बाजूला ठेव. तू जाता जाता लिहून गेलीस, की गणित चुकलं की पान फाडते. अगं, तुझा खरा अभ्यास त्या पानांवर होता! तो गेला कचऱ्यात. वहीत उरलं ते गाईडवाल्याचं डोकं आणि तुझं अक्षर.

कॅपिटल बजेटिंगचं, म्हणजे मोठी खरेदी फायद्याची की नाही हे ठरवण्याचं, साधं गणित घे. मशीन 3,00,000 रुपयांचं, आयुष्य 3 वर्षं, शेवटी भंगाराचे शून्य. घसारा (मशीनची दरवर्षी धरलेली झीज) आणि कर धरण्याआधी वर्षाला 1,50,000 मिळतात. सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी सारखाच, घसारा 1,00,000. उरले 50,000, त्यावर 30 टक्के कर 15,000, राहिले 35,000. तू इथेच थांबलीस असं समज. दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत काढायला तिला ज्याने गुणायचं तो 10 टक्क्यांनी 3 वर्षांचा फॅक्टर 2.487, म्हणजे आजच्या किमतीत 87,045. तीन लाख घालून एवढेच? मशीन नको! मग गाईड उघडलं, तिथे उत्तर उलटं, आणि पान फाडलं.

आता बघ. घसाऱ्याचा चेक कुणाच्या नावाने फाडतात का? नाही ना? पैसे बाहेर गेलेच नाहीत, म्हणून तो लाख परत मिळवायचा. रोख झाली 1,35,000, आजची किंमत 3,35,745. मशीनची किंमत वजा जाता 35,745 वर राहतात, मशीन घ्यायचं. चुकली होती एकच ओळ. गाईडमधून उतरवताना 'ॲड: डेप्रिसिएशन', म्हणजे घसारा मिळवा, तू सुरेख लिहिलं असशील, पण ते तिथे का आलं, हे स्वतःला विचारलंस कधी?

तेव्हा आजपासून पान फाडणं बंद. गाईड मिटून सोडवायचं. चुकलं, की पहिल्यांदा जिथे घसरलीस त्या ओळीला लाल गोल, आणि शेजारी तुझ्या शब्दांत कारण. 'सिली मिस्टेक' हे कारण नव्हे, ते लिहायचं नाही. दोन दिवसांनी तेच गणित पुन्हा, कोऱ्या पानावर. वही घाण दिसेल, दिसू दे. बाबांना दाखवायला दुसरी स्वच्छ वही करशील, ओळखते मी तुझ्यासारख्यांना! तीही नको. बाबांना लाल गोल बघू देत, काही बिघडत नाही.

आणि सरांकडे जाच. मात्र 'चॅप्टर कळला नाही' म्हणू नकोस, त्यावर 'पुन्हा वाच'शिवाय ते तरी काय सांगणार? गोल केलेली ओळ पुढे ठेव आणि विचार, 'सर, मी इथे कर वजा करून थांबले, पुढे काय राहिलं?' याच आठवड्यात, स्टाफरूममध्ये, त्याच घाण वहीसकट.